पंचवीस मुखपृष्ठं आणि एक संशोधन-प्रश्न



"माझा आवडता विषय संशोधनासाठी घेऊ का?" हा प्रश्न पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून मला सारखा येतो. विचारणाऱ्याच्या मनात कुठलातरी 'गंभीर न वाटणारा' विषय असतो. कुणाला क्रिकेट घ्यायचं असतं, कुणाला सिनेमाची पोस्टर्स, कुणाला कॉमिक्स. घरी विचारतात, यावर कसली डॉक्टरेट? गाईड विचारतात, यात प्रश्न कुठे आहे? घरच्यांचं सोडून देऊ. गाईडचा प्रश्न मात्र योग्य असतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय सिनॉप्सिस लिहिताच येत नाही.

म्हणून आज मुद्दाम असाच एक विषय घेऊया: एका लाडक्या कॉमिकचे संग्राह्य खंड निघतात, तेव्हा त्यांची मुखपृष्ठं कशी ठरतात? आणि त्यातून मोजता येईल असा प्रश्न कसा काढायचा?

आधी उदाहरण नीट समजून घेऊ

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. चार्ली ब्राउन, स्नूपी, ल्यूसी, लायनस ही त्यातली मंडळी. शेवटची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली, शुल्झ गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. जवळजवळ पन्नास वर्षांत १७,८९७ स्ट्रिप्स झाल्या आणि त्या सगळ्या शुल्झ यांनी मदतनीस न ठेवता स्वतः काढल्या.

या सगळ्या स्ट्रिप्स क्रमाने छापायचं काम सिएटलच्या फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २००४ साली सुरू केलं. वर्षाला दोन खंड, प्रत्येक खंडात साधारण दोन वर्षांच्या स्ट्रिप्स, एकूण २५ खंड. २०१६ साली ही मालिका संपली आणि त्यात न बसणाऱ्या इतर साहित्याचा २६वा खंडही निघाला. सगळ्या खंडांचं डिझाइन एकाच माणसाने केलं. कॅनडातला कॉमिक्सकार सेथ. २००५ साली या मालिकेला डिझाइनसाठी आयस्नर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात हा फार मानाचा पुरस्कार आहे.

आता सेथपुढची अडचण बघा. स्नूपी म्हटलं की लोकांना काय आठवतं? मग, टी-शर्ट, कंपासपेट्या, भेटकार्डं. सगळं चकचकीत, हसरं, गोड. मूळ स्ट्रिप मात्र तशी नाही. त्यातली मुलं हरतात, एकटी पडतात, रात्री जागत विचार करत बसतात. म्हणजे मुखपृष्ठाला दोन कामं एकदम करायची होती. ओळखीचं पात्र लगेच ओळखू आलं पाहिजे, आणि 'तुम्ही समजता तसं हे पुस्तक नाही' हेही कळलं पाहिजे. सेथने दबके, शांत रंग घेतले आणि मुखपृष्ठावर एकच पात्र अगदी जवळून दाखवलं. पहिल्या खंडावर चार्ली ब्राउन आहे आणि तो हसत नाहीये.

एवढं वाचून 'छान आहे' म्हणून पुढे जाणारा वाचक असतो. संशोधक इथे थांबतो आणि विचारतो, यातल्या कुठल्या गोष्टी निवडलेल्या आहेत आणि कुठल्या भाग पडलं म्हणून आल्या आहेत?

भाग पडलेल्या गोष्टी: पानांचं गणित

मुखपृष्ठाचा आकार आतल्या मजकुरावरून ठरतो. रोजची स्ट्रिप आडवी, चार सारख्या चौकटींची. त्यामुळे पुस्तकही आडवं. पानावर रोजच्या तीन स्ट्रिप्स एकाखाली एक, आणि रविवारच्या मोठ्या स्ट्रिपला स्वतंत्र पान. आता हिशोब करा. सोमवार ते शनिवारच्या सहा स्ट्रिप्सना दोन पानं, रविवारचं एक, म्हणजे आठवड्याला तीन पानं. दोन वर्षांचे १०४ आठवडे गुणिले तीन, म्हणजे ३१२ पानं. प्रस्तावना, सूची वगैरे धरून खंड साडेतीनशे पानांच्या आत बसतो.

पहिला खंड बघितलात तर तो १९५० ते १९५२ असा, दोन वर्षांहून मोठ्या काळाचा आहे. मग तो जाडजूड का नाही? कारण रविवारची स्ट्रिप जानेवारी १९५२ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या साधारण ६५ आठवड्यांना दोनच पानं लागतात, आणि १९५२च्या ५२ आठवड्यांना तीन. १३० अधिक १५६, म्हणजे २८६ पानं. काळ जास्त असूनही खंड इतरांच्या मापात राहतो.

हे उदाहरण मुद्दाम दिलं. 'प्रत्येक खंडात दोन वर्षं' हा निर्णय वरवर संपादकीय वाटतो, पण त्याच निर्णयाने पुस्तकाच्या कण्याची जाडी ठरते, कण्यावर अक्षर किती मोठं घेता येईल ते ठरतं आणि पूर्ण संच कपाटात किती जागा खाईल तेही ठरतं. तुमच्या संशोधनातही असंच असतं. 'किती नमुने घ्यायचे' हे एकदा ठरलं की पुढची दहा उत्तरं आपोआप ठरून जातात. म्हणून आधी बंधनं लिहून काढा, आवडीनिवडी नंतर.

कणा: डोळा किती बारीक बघतो

संग्राहकाच्या घरी मुखपृष्ठ वर्षातून एखाद्या वेळी दिसतं, कणा रोज दिसतो. मालिकेच्या डिझाइनमध्ये कण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

समजा, ३४४ पानांचं पुस्तक आहे. म्हणजे १७२ कागद. कागदाची जाडी ०.१२ मिलिमीटर धरली तर आतला गठ्ठा २०.६ मिलिमीटरचा होतो. काही वर्षांनी तोच कागद मिळेनासा झाला आणि ०.१३ मिलिमीटरचा घ्यावा लागला, तर गठ्ठा २२.४ मिलिमीटरचा. फरक पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. एका खंडात तो कुणाला कळणार नाही, पण २५ खंडांचा मिळून ४३ मिलिमीटर होतो. म्हणजे दोन अख्ख्या खंडांची जागा!

दुसरी गंमत दृष्टीची. दोन रेघा टोकाला टोक लावून ठेवल्या आणि एक किंचित सरकलेली असली, तर माणसाचा डोळा ते विलक्षण अचूकतेने पकडतो. याला व्हर्नियर तीक्ष्णता म्हणतात. व्हर्नियर कॅलिपर आपण अकरावीच्या प्रॅक्टिकलला वापरलेला असतो, तोच हा व्हर्नियर. प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीत ५ ते १० आर्कसेकंदांचा फरकही कळतो. एक मीटर अंतरावरून एक मिलिमीटर म्हणजे साधारण २०६ आर्कसेकंद. म्हणजे शेजारच्या दोन कण्यांवरच्या आडव्या पट्ट्या एक मिलिमीटरने वरखाली झाल्या, तर ती चूक डोळ्याच्या मर्यादेच्या किमान वीसपट आहे. कपाटाजवळ उभं राहणाऱ्याला ती खटकणारच. छपाई आणि बांधणीत मात्र एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होणं रोजचंच असतं.

यावर उपाय काय? अचूक छपाईचा हट्ट हा एक उपाय झाला, पण तो महाग आहे. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या कण्यांवरून सलग जाणारी रेघ ठेवायचीच नाही. प्रत्येक कण्यावर सुटं चित्र ठेवलं की मिलिमीटरभर सरकलेलं कुणाला दिसत नाही. चूक टाळता येत नसेल, तर ती जिथे दिसणार नाही अशी रचना करायची. प्रयोगाची आखणी करताना हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

जपानी 'ड्रॅगन बॉल'ने नेमका उलटा, धाडसी रस्ता घेतला. अकिरा तोरियामा यांच्या या मालिकेचे ४२ खंड १९८५ ते १९९५ या काळात निघाले आणि ते ओळीने लावले की कण्यांवर एकच सलग चित्र तयार होतं. दहा वर्षं, तुकड्या-तुकड्याने. त्यात याजिरोबे नावाचं पात्र चुकून दोनदा आलं! चाहते आजही ते एकमेकांना दाखवतात. आधीच्या तुकड्यांत काय काढलंय याची नोंद ठेवणं दहा वर्षांच्या कामात किती अवघड असतं, ते यावरून कळतं. आपली पीएचडी पाच-सहा वर्षांची. लॅबच्या वहीत तारीख, आवृत्ती आणि 'हे का बदललं' ही एक ओळ लिहायचा कंटाळा करू नका.

रंग: बारा वर्षं तोच निळा कसा ठेवायचा

डोळ्याला 'तोच रंग' वाटणं ही मोजायची गोष्ट आहे. रंगांमधल्या फरकाला डेल्टा-ई हे माप वापरतात. ढोबळमानाने डेल्टा-ई १च्या आसपास असेल तर शेजारी ठेवूनही फरक जेमतेम कळतो. तो जसा वाढत जातो तसा फरक उघड दिसायला लागतो. बारा वर्षांत कागद बदलतो, शाईची खेप बदलते, कधी छापखानाही बदलतो. म्हणून मालिकेसाठी महत्त्वाचा रंग चार शाया मिसळून न छापता आधीच तयार केलेल्या ठरावीक शाईने छापणं अधिक भरवशाचं असतं.

त्यात आणखी एक गोष्ट, ऊन. छपाईच्या चार नेहमीच्या शायांपैकी पिवळी आणि मॅजेंटा साधारणपणे लवकर फिक्या होतात, निळी आणि काळी जास्त टिकतात. खिडकीसमोरच्या कपाटातली जुनी पुस्तकं कण्यावर निळसर का पडतात, त्याचं कारण हेच. संग्राह्य पुस्तकाचा डिझाइनर आजच्या रंगासोबत वीस वर्षांनंतरचाही रंग निवडत असतो.

आता खरा मुद्दा: प्रश्न कसा काढायचा

'सेथची मुखपृष्ठं यशस्वी का झाली?' हा संशोधन-प्रश्न नाही. 'यशस्वी' म्हणजे काय ते ठरलेलं नाही, आणि यश पुस्तकामुळे आलं, शुल्झमुळे आलं की मुखपृष्ठामुळे, हे वेगळं करता येत नाही. तो छोटा करूया.

पहिली पायरी, दावा एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'ओळखीचं कॉमिक पात्र दबक्या रंगात दाखवलं, तर बघणारा ते पुस्तक मोठ्यांसाठीचं समजतो.'

दुसरी पायरी, याला दुसरं काय कारण असू शकेल ते शोधा. या मुखपृष्ठांवर रंग दबके आहेत, पण चेहराही हसरा नाही. मग परिणाम रंगाचा की चेहऱ्याचा? दोन्ही एकदम बदललेले असतील तर उत्तर मिळणार नाही. म्हणून एकाच मुखपृष्ठाची चार रूपं करायची: दबका रंग आणि उदास चेहरा, दबका रंग आणि हसरा चेहरा, भडक रंग आणि उदास चेहरा, भडक रंग आणि हसरा चेहरा. याला दोन गुणिले दोन रचना म्हणतात.

तिसरी पायरी, कोणाला काय दाखवायचं? एकाच माणसाला एकाच मुखपृष्ठाची चारही रूपं दाखवली तर तो लगेच ओळखेल की आपण काय तपासतोय. म्हणून २४ मुखपृष्ठं घ्या आणि चार याद्या करा. प्रत्येक यादीत प्रत्येक मुखपृष्ठ एकदाच येईल, आणि चारही प्रकारांची सहा-सहा मुखपृष्ठं असतील. प्रत्येक सहभागीला एकच यादी. लॅटिन स्क्वेअर म्हणतात तो हाच. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी आहे.

चौथी पायरी सगळ्यात दुर्लक्षित. समजा तुम्ही दोनशे माणसं घेतली आणि निकाल अगदी स्वच्छ आला. तो कशाबद्दल आहे? माणसं दोनशे असली तरी मूळ चित्रं एकाच डिझाइनरची आहेत. त्यामुळे 'कॉमिक्सची मुखपृष्ठं अशी असतात' असं म्हणता येत नाही, फार तर 'या मालिकेत असं दिसतं' एवढंच म्हणता येतं. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ साली भाषेच्या प्रयोगांबद्दल हाच आक्षेप घेतला होता: माणसांचा नमुना सगळे जपून निवडतात, पण शब्दही नमुनाच असतात हे विसरतात. शब्दांच्या जागी चित्रं ठेवा, आक्षेप तसाच लागू पडतो. माणसं वाढवून हा प्रश्न सुटत नाही, चित्रकार वाढवावे लागतात.

आणि इथे 'ड्रॅगन बॉल' पुन्हा कामाला येतं. चाळीस वर्षांच्या निमित्ताने 'साइक्यो जंप' या जपानी मासिकात २०२१पासून एक उपक्रम चालला. ४२ खंडांची मुखपृष्ठं ४२ वेगवेगळ्या मंगाकारांनी आपापल्या शैलीत पुन्हा काढायची. संशोधकाच्या नजरेने बघा. प्रत्येक खंडाची एक जुनी आणि एक नवी अशा जोड्या मिळतात, आणि नव्या बाजूला दरवेळी वेगळा हात आहे. 'शैली बदलली तरी पात्र किती लवकर ओळखू येतं?' या प्रश्नासाठी असा साठा आयता मिळणं दुर्मिळ. मर्यादाही आहे. प्रत्येक चित्रकाराचं एकच चित्र असल्यामुळे फरक चित्रकाराचा की त्या खंडातल्या प्रसंगाचा, हे पूर्ण सुटं करता येणार नाही. ती मर्यादा सिनॉप्सिसमध्ये तुम्हीच लिहा. परीक्षकाने विचारायची वाट बघू नका.

आपल्याकडे बघायचं झालं तर

साठा परदेशातच शोधायला हवा असं नाही. मुंबईहून मार्च १९६४मध्ये सुरू झालेली आणि १९९०पर्यंत चाललेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत होती. त्यांच्या कितीतरी अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली आणि संग्राहक आजही ती शोधत फिरतात. ती मुखपृष्ठं स्टॉलवर लांबून दिसावीत म्हणून काढलेली, सेथची मुखपृष्ठं कपाटात टिकावीत म्हणून. उद्देश वेगळा, म्हणून निकषही वेगळे. त्या दोघांची थेट तुलना करून 'कोण सरस' म्हणणं चूक ठरेल. पण 'उद्देश बदलला की रंग, चेहऱ्याचा आकार आणि मोकळी जागा कशी बदलते' हा प्रश्न बरोबर आहे, आणि तो पट्टी घेऊन मोजता येतो. रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या वाचनालयांत हे अंक अजून सापडतात, पण कमी होत चाललेत. मराठीत यावर काम करायचं असेल तर फार उशीर करून चालणार नाही.

दोन व्यावहारिक सूचना. माणसांवर प्रयोग करणार असाल तर आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी. आणि चित्रांवर कॉपीराइट असतो. आपल्या १९५७च्या कायद्यात वैयक्तिक वापरासाठी आणि संशोधनासाठी उचित वापराची सवलत आहे, पण शोधनिबंधात चित्र छापायचं तर हक्कदाराची परवानगी विचारलेली बरी.

मग आवडता विषय घ्यावा की नाही?

घ्यावा, पण एका अटीवर. आवडीमुळे तुम्हाला बारकावे दिसतात, हा मोठा फायदा आहे. जो चाहता नाही त्याला कण्यावरचा याजिरोबे दोनदा दिसलाच नसता. पण हीच आवड निकालाच्या वेळी आड येते. आपल्या लाडक्या मालिकेविरुद्ध आकडे आले की आपण आकड्यांतच खोट शोधायला लागतो, आणि बाजूने आले की शोधत नाही. म्हणून प्रयोगाआधीच कागदावर लिहून ठेवा: कुठला निकाल आला तर माझा दावा चुकीचा ठरेल? मग तो कागद गाईडकडे किंवा लॅबमधल्या एखाद्या मित्राकडे देऊन ठेवा.

हे वाक्य लिहिता आलं, तर विषय क्रिकेट असो, कॉमिक्स असो की तांदळाची जनुकं, तो संशोधनाचा विषय आहे. नाही लिहिता आलं, तर विषय कितीही भारदस्त असला तरी अजून थोडं थांबा.

या आठवड्याचा अभ्यास: घरातली कुठलीही चार-पाच खंडांची मालिका घ्या. दोन रकाने करा, 'सगळीकडे सारखं' आणि 'खंडागणिक बदलणारं'. दुसऱ्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा आणि तिच्याबद्दल खोटा ठरू शकेल असा एक दावा लिहा. एका वाक्यात. चाळीस मिनिटांत होईल, आणि गाईडच्या 'यात प्रश्न कुठे आहे?' या प्रश्नाला तुमच्याकडे निदान एक उत्तर असेल.